‘अलिबागहून आलास का?’ : उपहासाची मर्यादा आणि प्रत्युत्तराचा अवकाश

१. प्रास्ताविक

मुंबईच्या बोलीत एखाद्याला भोळसट, अडाणी किंवा सहज फसवता येण्याजोगा ठरवावयाचे असेल तर ‘अलिबाग से आया है क्या?’ असे विचारले जाते. मराठीत त्याचेच ‘अलिबागहून आलास का?’ असे रूप होते. नाक्यावरच्या बोलण्यातून हा प्रयोग चित्रपटांच्या संवादांत, दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांत आणि एकपात्री विनोदाच्या मंचावर गेला. अलिबाग तालुक्यातील एका रहिवाशाने या शब्दप्रयोगावर बंदी घालावी अशी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल केली. अलिबागच्या माणसांना निर्बुद्ध ठरवणारे हे वाक्य त्या भूमीच्या इतिहासाचा आणि तेथील लोकांचा अवमान करते, असे याचिकाकर्त्याचे म्हणणे होते. २०१९ च्या प्रारंभी तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती नरेश पाटील यांच्या खंडपीठाने ही याचिका फेटाळली. विनोद प्रत्येकच समाजावर होतात, संता-बंताचे होतात, दाक्षिणात्यांवर होतात, उत्तर भारतीयांवर होतात. ते मनाला लावून न घेता त्यांचा आनंद घ्यावा, असा न्यायालयाच्या सांगण्याचा आशय होता.

न्यायालयाचा निर्णय कायद्याच्या दृष्टीने योग्य होता, याबद्दल फारसे दुमत होणार नाही. एखादा वाक्प्रचार बोलण्यास मनाई करणारा हुकूम अमलात तरी कसा आणावयाचा? परंतु याचिका फेटाळली गेल्याने मूळ प्रश्न निकाली निघाला असे मानता येत नाही. ‘बंदी घालता येणार नाही’ आणि ‘त्यात आक्षेपार्ह काही नाही’ ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिले विधान विधिशास्त्राचे आहे, तर दुसरे साहित्यविचाराच्या कक्षेत येते. ‘स्टँडअप कॉमेडी’ या नावाने रूढ झालेल्या एकपात्री विनोदप्रयोगांच्या संदर्भात गेल्या दशकात जे वाद झाले, त्यांत ही दोन विधाने एकमेकांत मिसळली गेली आहेत. प्रस्तुत लेखात अलिबागच्या उदाहरणाच्या आधारे ती वेगळी करून, दुखावणाऱ्या विनोदाची मर्यादा कोणत्या निकषांवर निश्चित करता येईल याचा विचार केला आहे.

२. वाक्प्रचाराचे स्वरूप

‘अलिबागहून आलास का?’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या प्रश्नार्थक असले तरी विचारणाऱ्याला उत्तराची अपेक्षा नसते. ज्याला विचारले जाते तो बहुधा अलिबागचा नसतोच. म्हणजे वाक्याचा रोख समोरच्या माणसाकडे असतो आणि त्याची किंमत मात्र तेथे हजर नसलेला अलिबागकर चुकवतो. येथे अलिबाग हे स्थळनाम न राहता ‘अडाणीपणा’ या अर्थाची खूण झालेले आहे. लक्षणेने अर्थ बदलावा आणि पुढे मूळ अर्थाचे स्मरणही उरू नये, तशी ही रूढ लक्षणा आहे.

या वाक्यात विनोद कितपत उरला आहे, असाही प्रश्न उपस्थित होतो. विनोदासाठी काहीतरी निरीक्षण लागते. पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांच्यावर केलेल्या एकपात्री विवेचनात साचेबंद प्रतिमा आहेतच. पण तेथे बोलण्याची ढब, आतिथ्याच्या तऱ्हा, अभिमानाच्या जागा यांचे बारीक अवलोकन आहे. त्यामुळे ज्याच्यावर विनोद झाला तो पुणेकर स्वतःला ओळखून हसतो. ‘अलिबागहून आलास का?’ या वाक्यात अलिबागविषयी एकही निरीक्षण नाही. तेथे अन्य कोणत्याही गावाचे नाव घातले तरी वाक्याचे काम अडणार नाही.

प्रत्यक्ष अलिबाग मात्र या खुणेशी मुळीच जुळत नाही. अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्याचे बांधकाम शिवछत्रपतींच्या काळात, १६८० मध्ये सुरू झाले. पुढे हा किल्ला आंग्र्यांच्या आरमाराचे प्रमुख ठाणे बनला. १७२९ मध्ये निधन पावलेल्या कान्होजी आंग्रे यांची समाधी अलिबागेत आहे. अली नावाच्या बेने इस्रायली बागाईतदारावरून गावाला हे नाव पडले असे परंपरेने सांगितले जाते; निदान गावाच्या नावाशी मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाची स्मृती निगडित आहे. खोतीविरुद्ध चरी येथे १९३३ मध्ये सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप १९३९ पर्यंत चालला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी इतकी वर्षे जमिनी न कसण्याचा निर्धार टिकवला. हा संप याच अलिबाग तालुक्यातला. ज्या कुळांनी खोतापुढे मान तुकवली नाही, त्यांच्या गावाचे नाव मुंबईच्या बोलीत ‘सहज फसणारा’ या अर्थाने रूढ व्हावे, हा भाषेतील एक विचित्र योग म्हणावा लागेल.

आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मापनात अडथळा येईल म्हणून ते काम अलिबागला हलवण्यात आले. १९०४ पासून अलिबागच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत आहेत. मुंबईच्या गजबजाटात ज्या यंत्रांना अचूक काम करणे शक्य नव्हते, ती अलिबागेत नीट चालू लागली.

तथापि असे दाखले देऊन वाक्प्रचाराचे खंडन होत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. कारण तो मुळात अलिबागविषयी बोलतच नाही. तो मुंबईविषयी बोलतो. खाडीपलीकडून तरीने येणारा, भाजी-मासळी घेऊन येणारा, गिरणीत किंवा गोदीत कामाला लागणारा माणूस शहराला हवा असतो आणि त्याच वेळी त्याच्यापेक्षा आपण निराळे आहोत असे शहराला वाटावयाचे असते. थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने १६५१ मध्ये ‘लेव्हायथन’मध्ये हास्याचे जे स्पष्टीकरण दिले, दुसऱ्याच्या उणेपणाशी स्वतःची तुलना करून अकस्मात वाटणारी बढाई, ते येथे चपखल लागू पडते. काल गावाहून आलेला मुंबईकर आज आलेल्याला हे वाक्य ऐकवतो आणि आपण शहराचे झालो अशी स्वतःची खात्री करून घेतो.

३. परंपरेतील संकेत

उपहासाने कोणी दुखावले जाण्याचा प्रश्न नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगितले असून ते उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींत दोन-दोन असे वाटून दिले आहेत. ही विभागणी हसणाऱ्याच्या प्रकृतीनुसार आहे. कोणत्या विषयावर हसावे आणि कोणत्या विषयावर हसू नये अशी सूची भरताने दिलेली नाही. विकृत वेष, धार्ष्ट्य, असंबद्ध प्रलाप, व्यंगदर्शन, दोषांचा उच्चार हे सारे हास्याचे विभाव म्हणून त्याला मान्य आहेत.

त्याच ग्रंथाच्या अखेरीस एक अर्थपूर्ण कथा येते. नाट्यवेदाच्या ज्ञानाने उन्मत्त झालेल्या भरतपुत्रांनी प्रहसनातून ऋषींची टवाळी केली. त्यामुळे संतापलेल्या ऋषींनी त्यांना शाप दिला आणि नटांचे सामाजिक स्थान खालावले. परंतु नाट्य नष्ट होणार नाही, अशी ग्वाहीही त्याच कथेत मिळते. पुढे नहुष राजाच्या विनंतीवरून ते पृथ्वीवर आले. विनोदामुळे दुखावलेल्या प्रतिष्ठितांनी कलावंताला शिक्षा केल्याची ही बहुधा आपल्याकडील सर्वांत जुनी नोंद असावी. शापाचा वाटेकरी नट झाला, कला मात्र शाबूत राहिली.

संस्कृत रूपकांच्या दहा प्रकारांतील ‘भाण’ हा तर एकाच पात्राचा प्रकार. विट रस्त्याने जाताना दिसणाऱ्या-न दिसणाऱ्या माणसांशी आकाशभाषिताने बोलतो आणि नगराच्या ढोंगाची पिसे काढतो. एकट्याने उभे राहून समाजाची खिल्ली उडवण्याची कल्पना पाश्चात्त्यांकडून प्रथमच आपल्याकडे आली, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. एकनाथांच्या भारुडांतही एक सोंग पुढे येऊन बोलते. मात्र नाथांचे वैशिष्ट्य असे की, बोलणारे सोंग समाजाच्या तळाचे असते आणि उपहासाचा रोख ऐकणाऱ्याच्या अहंकाराकडे असतो.

रायगडच्या किनारपट्टीवर आणि तिच्या दक्षिणेकडील महाड, पोलादपूर, म्हसळे, श्रीवर्धन या भागांत उपहासाचे दोन लोकप्रकार विशेष महत्त्वाचे ठरतात. पहिला शिमगा. होळीच्या दिवसांत बोंबा मारल्या जातात, अश्लील फाग म्हटले जातात, गावातल्या मातब्बरांची नावे घेऊन अपशब्द उच्चारले जातात. परंतु या स्वैरतेला काळाची चौकट असते. सण संपला की शिमगा संपतो. ‘शिमगा करणे’ या वाक्प्रचाराला एरवी निंदाव्यंजक अर्थ आहे, याचे कारणही तेच. चौकटीबाहेर केलेला शिमगा समाजाला मान्य नसतो.

दुसरा प्रकार म्हणजे जाखडीतील शक्ती-तुरा. येथे दोन पक्ष समोरासमोर असतात. एका शाहिराने दुसऱ्याला सवाल टाकावा, त्याच्या गुरुपरंपरेची, विद्वत्तेची, प्रसंगी रूपाचीही टर उडवावी, आणि मग त्याची बारी संपून दुसऱ्याची बारी यावी. दुसऱ्याने त्याच प्रेक्षकांसमोर, त्याच चालीत, त्याहून धारदार उत्तर द्यावे. या प्रकारातील शब्द सौम्य नसतात. परंतु ज्याच्यावर ते पडतात त्याच्याही हातात वाद्य असते. गिरणगावात स्थायिक झालेल्या कोकणी कामगारांनी हे सामने परळ-लालबागच्या रंगमंचावर नेले, तेव्हाही बारीचा हा नियम सुटला नाही.

मराठी भाषेतील शब्दसंपत्तीही येथे मार्गदर्शक ठरते. थट्टा, मस्करी, चेष्टा, टिंगल, टवाळी, कुचेष्टा, हेटाळणी हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. थट्टेला नाते लागते. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणा, व्याही-विहीण ही थट्टेची नाती मानली जातात, कारण तेथे उलट थट्टा करण्याची मुभा असते. हेटाळणीला नात्याची गरज नसते. तेथे वरून खाली पाहणे असते. एकातून दुसऱ्यात केव्हा पाऊल पडते हे सांगण्यासाठी ‘मस्करीची कुस्करी होणे’ असा नेमका वाक्प्रचार मराठीने घडवला आहे. सीमारेषा आहे, ती ओलांडली जाते, आणि ओलांडल्यावर दोघांनाही ते कळते, हे तिन्ही अर्थ त्यात आले आहेत.

४. मंच, ध्वनिक्षेपक आणि चित्रफीत

आधुनिक एकपात्री विनोदप्रयोगात या संकेतांचे काय झाले, हे पाहणे आवश्यक आहे. मराठीत या प्रयोगांची स्वतंत्र परंपरा आहे. १९६१ पासून पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर उभी केली. पुढे डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात मराठवाडी बोलीतील अख्खे कुटुंब एकट्याने साकारले. या दोन्ही प्रयोगांत हसू ज्यांच्यावर आहे त्यांच्यापैकीच निवेदक असतो. चाळ सोडून आलेला माणूस चाळीविषयी बोलतो. बोलीत वाढलेला माणूस बोली बोलतो. ‘वऱ्हाड’मधील माणसे लंडनमध्ये गोंधळतात, पण प्रयोगभर त्यांचीच भाषा प्रमाण असते. जगाकडे त्यांच्या डोळ्यांनी पाहिले जाते.

नंतरच्या पिढीच्या प्रयोगांत दोन बदल झाले. पहिला असा की निवेदक पात्रांच्या आड न राहता स्वतःच्या नावाने, स्वतःची मते म्हणून बोलू लागला. त्यामुळे ‘हे पात्राचे बोलणे आहे’ हा आडोसा गेला. दुसरा बदल अधिक दूरगामी आहे. प्रयोग शंभर-दोनशे श्रोत्यांसमोर होतो आणि त्याची चित्रफीत लाखो लोकांपर्यंत जाते. सभागृहातील श्रोता तिकीट काढून, प्रयोगाचा स्वभाव ठाऊक असताना आलेला असतो. चित्रफितीचा प्रेक्षक तुकडा पाहतो. मागचे-पुढचे वाक्य, स्वर, सभागृहाचे वातावरण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. शिमग्याची बोंब शिमग्याच्या चौकटीबाहेर गेल्यावर जे होते, तेच येथे होते.

डिसेंबर २०१४ मध्ये वरळी येथे ‘एआयबी’ या गटाने केलेला ‘रोस्ट’ हा प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. ज्यांची टिंगल व्हावयाची ते अभिनेते मंचावर स्वखुशीने बसले होते आणि त्यांनी उलट टिंगलही केली. म्हणजे शक्ती-तुऱ्याच्या बारीचा नियम तेथे पाळला गेला होता. तरीही त्या प्रयोगात मंचावर नसलेल्या माणसांच्या वर्णावर, देहावर आणि समाजावर जे विनोद झाले त्यांना हा नियम लागू होत नव्हता. चित्रफीत प्रसृत झाल्यावर तक्रारी झाल्या, फेब्रुवारी २०१५ मध्ये ती मागे घेतली गेली. त्या वेळच्या चर्चेचा सारा भर अश्लीलतेवर राहिला. संमती देणारे लक्ष्य आणि संमती न देता ओढले गेलेले लक्ष्य हा खरा भेद त्या गदारोळात बाजूला पडला.

५. कायद्याची रेषा

कायद्याने आपली रेषा कोठे आखली आहे, याचा थोडक्यात आढावा घेणे येथे उचित ठरेल. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली होती. त्या घटनेच्या पार्श्वभूमीवर दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ रद्द केले आणि चर्चा, पुरस्कार व चिथावणी असा भेद केला. पहिल्या दोन गोष्टी कितीही अप्रिय असल्या तरी त्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडतात. चिथावणीपाशी राज्याचा अधिकार सुरू होतो.

त्याच वर्षी मे महिन्यात वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेच्या खटल्यात मात्र सर्वोच्च न्यायालयाने निराळा कल दाखवला. १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात ही कविता पुनर्मुद्रित झाली होती. इतिहासातील आदरणीय व्यक्तीचे नाव वापरताना समकालीन समाजमानाची कसोटी अधिक काटेकोरपणे लावली जाईल, असे न्यायालयाने म्हटले. प्रकाशकाने पूर्वीच क्षमायाचना केली असल्याने त्याला मुक्त करण्यात आले, पण कवीवरील खटला पुढे चालू ठेवण्यात आला. मराठी समीक्षेने या निकालाची चर्चा आणखी विस्ताराने करावयास हवी होती. उपहास करणाऱ्या लेखकाला लक्ष्याच्या थोरवीनुसार कमी-अधिक मोकळीक असावी असे मानले, तर ज्यांच्यावर उपहास होणे अगत्याचे आहे तेच त्याच्या कक्षेबाहेर जातात.

सरदारजींवरील विनोदांना आळा घालण्याची मागणी करणाऱ्या याचिकेत, नागरिकांसाठी नैतिक आचारसंहिता तयार करणे हे न्यायालयाचे काम नव्हे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये घेतली. तरीही तो विषय २०२४ मध्ये पुन्हा त्याच न्यायालयासमोर आला. शाळकरी शीख मुलांना वर्गात सोसाव्या लागणाऱ्या हिणवणुकीचा प्रश्न ‘आनंद घ्या’ या सल्ल्याने सुटत नाही, हे त्यावरून दिसते.

शब्दांचा परिणाम कोणाच्या मनावरून मोजावयाचा, या प्रश्नाला एक जुने आणि समर्पक उत्तर महाराष्ट्राच्याच भूमीतून मिळालेले आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयात भगवतीचरण शुक्ल खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी असे प्रतिपादन केले की, हा परिणाम विवेकी, खंबीर आणि धीट माणसाच्या दृष्टीने पाहावा. प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या दुबळ्या मनाच्या दृष्टीने नव्हे. २८ मार्च २०२५ रोजी इम्रान प्रतापगढी प्रकरणात न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने याच कसोटीचा आधार घेतला आणि काव्य, नाटक, उपहास यांच्याबरोबर स्टँडअप विनोदाचाही जीवन अर्थपूर्ण करणाऱ्या कलांत उल्लेख केला.

या निकालाच्या पाचच दिवस आधी, २३ मार्च रोजी, खार येथील ‘हॅबिटॅट’ या प्रयोगस्थळाची मोडतोड झाली होती. उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर रोख असलेले कुणाल कामरा यांचे विडंबनगीत हे त्याचे निमित्त होते. शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी ही तोडफोड केली आणि दुसऱ्या दिवशी महानगरपालिकेनेही त्या जागेत तोडकाम केले. त्याआधी फेब्रुवारीत, एका चित्रपट अभिनेत्यावरील विनोदाच्या रागातून सोलापुरात प्रयोगानंतर आपल्याला मारहाण झाल्याची तक्रार प्रणित मोरे या मराठी विनोदकाराच्या वतीने करण्यात आली. या दोन्ही प्रसंगांत विनोद बरा होता की वाईट, हा प्रश्न गौण ठरतो. मंत्र्याला उत्तर देण्यासाठी विधिमंडळ, वृत्तपत्रे आणि सभा उपलब्ध असतात. लोकप्रिय अभिनेत्याचा आवाज विनोदकाराहून मोठा असतो. ज्यांच्याजवळ प्रत्युत्तराची सर्व साधने आहेत त्यांच्या बाजूने कोणी हातोडा उचलला, तर शाहिराची बारी येण्याआधीच त्याचे वाद्य फोडल्यासारखे होते.

६. तीन निकष

वरील विवेचनातून साहित्यविचारासाठी तीन निकष पुढे येतात. पहिला निकष अवलोकनाचा. विनोद आपल्या विषयाकडे पाहतो की केवळ त्याचे नाव वापरतो? दुसरा निकष प्रत्युत्तराचा. ज्याच्यावर विनोद झाला त्याला त्याच जागी, त्याच श्रोत्यांसमोर, तितक्याच मोठ्या आवाजात बोलता येते काय? तिसरा निकष परिणामाचा. हसू ओसरल्यावर लक्ष्य झालेल्या माणसाबरोबर घरी काय जाते?

उच्च न्यायालयाने सर्व समाजांवर विनोद होतात असे जे म्हटले, त्यात पहिल्या दोन निकषांचा विचार काही अंशी येतो. सर्वांवर विनोद होत असतील तर सर्वांना उलट विनोद करण्याची संधीही असते, असे त्यात गृहीत आहे. परंतु विनोदांची वाटणी समान असली तरी त्यांचे परिणाम समान नसतात. मुंबईत नोकरी करणाऱ्या अलिबागकराला ‘अलिबागहून आलास का?’ हे वाक्य खटकते. त्यावरून त्याला कोणी खोली नाकारत नाही, की पंगतीतून उठवत नाही. अलिबागची बाजू मांडणारी वृत्तपत्रे, महाविद्यालये, लोकप्रतिनिधी आहेत. तेव्हा या वाक्याला तिसऱ्या निकषावर गंभीर दोष देता येत नाही. पहिल्या निकषावर मात्र ते पूर्णपणे अनुत्तीर्ण होते. ते वाईट आहे ते मुख्यतः विनोद म्हणून.

याच किनाऱ्यावर दुसरे उदाहरण आहे आणि ते अधिक अडचणीचे आहे. रायगड जिल्ह्याच्या डोंगरउतारांवर कातकरी समाजाची वस्ती आहे. शासनाने विशेष दुर्बल आदिवासी गटांत त्याची गणना केलेली आहे. वीटभट्ट्यांवर उचल घेऊन राबणाऱ्या या समाजाचे नाव गावातील बोलण्यात मळकटपणाची, रानटीपणाची खूण म्हणून घेतले जाते. रचनेच्या दृष्टीने हा प्रयोग आणि ‘अलिबागहून आलास का?’ हे वाक्य यांत काहीच फरक नाही. दोन्हींत नाव हीच शिवी आहे. परंतु कातकऱ्याला त्या जागी उत्तर देता येत नाही, आणि हसू ओसरल्यावर त्याच्याबरोबर जे जाते ते रोजगारात, शाळेत, दवाखान्यात त्याच्या वाट्याला येणारे वागणे असते. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा, १९८९ याने सार्वजनिक ठिकाणी हेतुपुरस्सर केलेल्या अशा अवमानाला गुन्हा मानले, ते याच कारणाने. येथे कायद्यानेही सर्वांवरच विनोद होतात असे उत्तर दिलेले नाही.

अलिबागच्या वाक्प्रचाराने दुखावलेल्या माणसाच्या तक्रारीचे मोल या तुलनेने कमी होत नाही; उलट तिला खोली येते. आपल्या गावाचे नाव दुसऱ्याच्या तोंडी शिवी झाले म्हणजे काय वाटते, हे ज्याने अनुभवले त्याला आपल्या तोंडातल्या अशाच नावाची ओळख पटणे शक्य होते. मुंबईने अलिबागला आणि अलिबागच्या किनाऱ्याने डोंगराला हसावे, ही उतरंड दिसू लागणे हाच या तक्रारीचा सर्वांत मोठा लाभ ठरेल.

हे निकष सर्वत्र सहज लागू पडतील असा दावा करता येणार नाही. कोण वर आणि कोण खाली हे नेहमीच स्पष्ट नसते. आगरी बोलीचे उदाहरण घेता येईल. दूरचित्रवाणीवरील प्रहसनांत ही बोली कानावर पडताच प्रेक्षक हसतात. आगरी कलावंताने ती स्वतः बोलावी, तिच्यातील नेमके आणि ठसकेबाज शब्द पुढे आणावेत, तेव्हा ‘वऱ्हाड’प्रमाणेच बोलीला प्रतिष्ठा मिळते. बोलीचे दोन हेल उचलून त्यांवर मूर्ख नोकराचे पात्र बेतले, तर तेच हेल हेटाळणीचे साधन होतात. बोलणारा त्या समाजाचा असला म्हणजे पुरे, असेही म्हणता येत नाही. कारण आपल्याच माणसांना परक्यांपुढे विकण्याचा मार्ग त्यालाही खुला असतो. अशा वेळी पहिल्या निकषाकडे परतावे लागते. प्रयोगात माणूस दिसला की नुसता हेल ऐकू आला?

सत्ताधाऱ्यांवरील उपहासाच्या बाबतीत मात्र तिन्ही निकष एकाच दिशेने निर्देश करतात. तेथे उत्तर देण्याची साधने लक्ष्यापाशी मुबलक असतात आणि विनोदाने त्याचे होणारे नुकसान क्षणिक असते. म्हणून तेथे मर्यादा सर्वांत सैल असावी. प्रत्यक्षात ती तेथेच सर्वांत आवळलेली आढळते, आणि दुबळ्यांच्या बाबतीत सर्वांत सैल.

७. समारोप

या सर्व चर्चेतून असे म्हणता येते की, दुखावणाऱ्या विनोदासाठी एकच रेषा पुरेशी नाही. एक रेषा कायद्याची. ती चिथावणी, धमकी आणि दुर्बलांचा जाहीर अवमान यांपाशी असावी व त्यापलीकडे तिने जाऊ नये. दुसरी रेषा अभिरुचीची आणि विवेकाची. तिची राखण पोलिसांनी करावयाची नसून श्रोत्यांनी, कलावंतांनी आणि समीक्षकांनी करावयाची आहे. न. चिं. केळकर यांनी ‘सुभाषित आणि विनोद’ (१९०८) आणि ‘हास्यविनोदमीमांसा’ (१९३७) या ग्रंथांतून मराठीत विनोदाच्या तात्त्विक चर्चेचा पाया घातला. ती चर्चा छापील विनोदापाशी थांबवून चालणार नाही. ध्वनिक्षेपकासमोर उभ्या राहणाऱ्या विनोदकाराची भाषा, त्याने निवडलेले लक्ष्य आणि त्याने टाळलेले लक्ष्य यांची समीक्षा होत नाही, तोवर हा विनोद चांगला की वाईट हा प्रश्न न्यायालयात किंवा जमावापुढे जातच राहणार. आणि त्या दोन्ही ठिकाणी त्याचे उत्तर देण्याची साधने नाहीत.

अलिबागच्या याचिकेकडे या दृष्टीने पाहिले तर ती चुकीच्या दारी नेलेली रास्त तक्रार होती. तिला बंदीच्या हुकमाची नव्हे, बारीची गरज होती. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात सवाल झाल्यावर दुसरा शाहीर उभा राहतो, तसे अलिबागकराने उभे राहून, चरीच्या कुळांच्या आणि कुलाब्याच्या दर्यावर्द्यांच्या बोलीत, ‘हो, अलिबागहूनच आलो’ असे म्हणून मुंबईची पिसे काढावीत. असे उत्तर नाटकात, कथेत किंवा मंचावर दमदारपणे उमटले, तर वाक्प्रचार भाषेत राहूनही त्यातील दंश जाईल. मग ‘अलिबागहून आलास का?’ असे विचारणाऱ्याला पुढचे उत्तर ऐकण्यासाठी थांबावे लागेल.